सतराव्या नावापाशी

लातूर
२६ नोव्हेंबर २००५

प्रिय पाशा यास,
सप्रेम नमस्कार वि. वि.

ठण्ण. तो आवाज आठवतो का तुला? मुदखेडच्या आपल्या शाळेत कडुलिंबाला टांगलेला रुळाचा तुकडा, आणि हातात लोखंडी खुंटी घेऊन चवड्यांवर उभा राहिलेला तू. घंटा द्यायचा मान तुझा, कारण पुस्तकं बांधणाऱ्या जिल्दसाजाच्या पोराचा हात नेमका. दोन ठोके तू द्यायचास, तिसरा आपोआप हवेत राहायचा. आपण कवितेच्या तासाला बसलो तरी तो खिडकीतून आत येऊन चालीत मिसळायचा. पुढं मी तेरणेकाठी करजवाडीला मास्तर झालो, तेव्हा रेल्वे यार्डाच्या भंगारातून तसाच एक तुकडा तूच मला पाठवलास. भूकंपाच्या पहाटे भिंती पडायच्या आधी तो आपोआप वाजला, असं तिथली वाचलेली माणसं सांगत. मी ऐकला नाही. मी त्या रात्री इथं लातूरला घरी होतो.

बारा वर्षांनी तो मला ऐकू आला. ऑगस्टात, सकाळी, फुलं तोडताना. ठण्ण, ठण्ण, आणि तिसरा हवेत. मी वळून बघायला गेलो तो उजवा पायच नव्हता. लकवा, पाशा. आता काठीवर चालतो, उजवा हात खिशात पाहुण्यासारखा ठेवतो. जिभेची गोष्ट मोठी चमत्कारिक आहे. शब्द डोक्यात जागच्या जागी आहेत, पण तिथून तोंडापर्यंतची वाट खचली, असं डॉक्टर सांगतात. म्हणून लिहिता येतं, बोलता येत नाही. म्हणून फोन न करता हे पत्र, तेही डाव्या हातानं. अक्षराला हसू नकोस.

दर गुरुवारी मी शाळेत जातो. हसलास ना? इथल्या एका कोचिंग क्लासचे वरदसर आहेत, त्यांचे वडील याच दुखण्यानं गेले. पोरं कॉलेजात असतात त्या वेळेत ते आपला हॉल आम्हा लकव्याच्या माणसांना मोकळा देतात. आम्ही अकराजण. फळ्यावर रसायनशास्त्र तसंच असतं आणि खाली आम्ही बाकावर बसून मूठ उघडतो, मिटतो. सादिया नावाची मुलगी व्यायाम घेते आणि जीभही वळवून घेते. गंजगोलाईतले अडते सिद्धलिंगअप्पा आहेत, तोंड एका बाजूला गेलंय पण भाव अजून सरळ सांगतात. शिलाईवाल्या नाजियाबी आहेत. आणि एसटीचे कंडक्टर ज्ञानोबा. त्यांच्या जिभेवर दोनच शब्द उरलेत, पुढं सरका. भूक लागली तरी पुढं सरका, नातू झाला तरी पुढं सरका.

माझं उलट आहे. स्वतःचा म्हणून एक शब्द निघत नाही, पण पाठ असलेलं निघतं. पाढे निघतात, चालीवर धरलं तर कविताही निघतात. सादियाला हे कळल्यापासून ती दर वेळी म्हणते, काका, तुमचं कायमचं पाठ काय आहे ते काढू, त्याला धरून नवे शब्द येतील. गेल्या गुरुवारी तिनं मला नाव विचारलं आणि माझ्या तोंडातून निघालं, एक, मल्लिनाथ रेवण. दोन, शेषाबाई तुकाराम. करजवाडीच्या चौथीची हजेरी, पाशा. सत्याण्णव टक्के हजेरीचा माझा वर्ग, तेवीस पोरं. त्यातली नऊ त्या पहाटे गेली. सोळा नावं घडघड आली. सतरावं आलं, पार्वतम्मा चंद्रप्पा. तिथं जीभ थांबली. अठरावं काय ते मला ठाऊक आहे, इथं लिहूनही दाखवीन, पण तोंड पुढं जात नाही. ज्ञानोबा पाठीवर हात फिरवून किती वेळ पुढं सरका म्हणत होते.

मुलगी देविका पुण्याहून फोनवर सांगते की फेब्रुवारीपर्यंत बाबा एक शब्द बोलले तर ठीक, नाहीतर मी घेऊन जाते. तिचंही खरं आहे. पण पुण्याला माझ्यासारखी बंद तोंडाची अकरा माणसं एका बाकावर कुठं मिळणार? सादिया म्हणते, तेवीस पुरी झाली की कुलूप निघेल. सध्या सगळं त्या सतराव्या नावापाशी अडलंय.

रजियाभाभींना नमस्कार. लोभ आहे हे लिहायचं कारण नाही, तरी असू दे.

तुझा,
अवधूत


नांदेड
३ डिसेंबर २००५

अजीज दोस्त अवधूत यास,
पाशामियाँचा सलाम. इकडं खैरियत.

तुझं पत्र आलं. रजियाला वाचून दाखवलं, ती आधी रडली, मग म्हणाली मास्तरांना सांगा, अक्षर तुमच्या उजव्या हातापेक्षा बरं हाय. मी म्हणालो, हाव, उजव्या हातानं लिहायचा तेव्हा मुंग्या चालल्यासारखं लिहायचा.

आता कामाचं ऐक. मला डॉक्टरी कळत न्हाई, पण शाळा कळती. पोर हजर म्हणल्याबिगर तू कधी पुढच्या नावाला गेलास का? तू तर इतका कडक की मी शेजारी बसून पेंगलो तरी तुझ्याकडून ढोसणी मिळायची. तुझी जीभ तिथं अडली न्हाई, वाट बघून राहिली. सोळाजणांची का बघितली न्हाई, ते तुझं तुला माहीत. पण तुझ्या त्या गुरुवारच्या वर्गाला सांग, नावं वाटून घ्या आणि मास्तरांनी पुकारलं की हजर म्हणा. जी पोरं गेली त्यांच्या वतीनं कुणीतरी बोललं तर बिघडतं कुठं? आपण मुदखेडला एकमेकांची हजेरी लावायचो, ते तू विसरला असशील, मी न्हाई.

अजून एक. ते कापडात बांधलेलं तुझं रजिस्टर दुकानात वरच्या फळीवर तसंच हाय. चौऱ्याण्णवला आणून दिलंस तेव्हा म्हणालास, बांधू नको, उघडू नको, नुसतं ठेव. अकरा वर्षं ठेवलं. जिल्दसाजाला हे सांगणं म्हणजे हलवायाला नाक धरायला लावणं. आता ते हेच हजेरीचं असणार असं वाटून राहिलं. उघडू का?

वहिनींना सलाम सांग. तब्येतीला जप, आणि मला विसरायची सवलत तुला न्हाई.

तुझाच,
पाशा


लातूर
१७ डिसेंबर २००५

प्रिय पाशा यास,
सप्रेम नमस्कार वि. वि.

तुझी युक्ती मी पाटीवर लिहून सादियाला दाखवली. तिला इतकी आवडली की तिनं त्याच दिवशी चिठ्ठ्या केल्या. अकरा माणसांत तेवीस नावं, कुणाला दोन, कुणाला तीन. सिद्धलिंगअप्पांनी मल्लिनाथ मागून घेतला. ज्ञानोबांना हजर म्हणता येत नाही, तेव्हा त्यांच्या वाट्याच्या पोरांनी पुढं सरका म्हणायचं ठरलं. पार्वतम्मा नाजियाबींकडे गेली. त्या म्हणाल्या, माझी पोरगी असती तर एवढीच असती, द्या मला.

आठ तारखेला पहिली हजेरी झाली. मी पुकारतोय आणि वाकडी तोंडं, जड जिभा, थरथरणारे हात हजर, हजर म्हणताहेत. सोळापर्यंत आलो. हॉलमध्ये इतकं हलकं वाटत होतं की खिडकीबाहेर दप्तरं पाठीला लावून चाललेली कॉलेजची पोरंसुद्धा मला करजवाडीची वाटली. सतरा, पार्वतम्मा चंद्रप्पा, असं मी म्हणालो. नाजियाबींनी पदर सावरून तोंड उघडलं. आणि त्यांच्या आधी, शेवटच्या बाकावरून उत्तर आलं.

हज्जर.

ज वर जोर देऊन. चंद्रप्पाच्या घरात कानडी बोलत, ती तशीच म्हणायची. शेवटच्या बाकावर कुणीही नव्हतं. भिंतीवरचं घड्याळ पावणेअकरा दाखवत होतं.

हा लकवा झालेल्या डोक्याचा खेळ आहे असं तू म्हणशील. मलाही तसंच वाटलं असतं. पण अकराही माना मागं वळल्या, ज्यांची मान वळत नाही त्यांचीसुद्धा. सिद्धलिंगअप्पांचा डावा कान दहा वर्षं बंद आहे. त्यांनी हळूच पाटी मागून लिहिलं की त्यांना त्याच कानात ऐकू आलं. सादियानं पंखा बंद केला, उठून दार बघितलं, जिना बघितला, आणि परत येऊन म्हणाली की रस्त्यावरचा आवाज असेल. तिच्या हातातला खडू मोडला होता.

परवा पंधरा तारखेला पुन्हा तेच. त्याच वेळी, त्याच बाकावर. उत्तर मिळूनही माझी जीभ अठराव्यावर गेली नाही. ती आता वाट बघत नाही, पाशा. ती घाबरलीय.

रजिस्टर उघडू नकोस. लोभ असाच राहू दे.

तुझा,
अवधूत


लातूर
२४ डिसेंबर २००५

आदरणीय पाशाभाईंस,
गोदावरीचा नमस्कार वि. वि.

तुम्हाला मी पहिल्यांदाच लिहीत आहे, चुकलं तर संभाळून घ्या. ह्यांना न सांगता लिहिलं आहे.

परवाच्या गुरुवारी मीच ह्यांच्याबरोबर गेले. मनात होतं की ही सगळी दुखण्याची माणसं, एकाला वाटलं की दहांना वाटतं. मी मुद्दाम शेवटच्या बाकावर जाऊन बसले, म्हणजे तिथं कुणी नाही याची खात्री. भाऊ, आवाज माझ्या उजव्या हाताशी आला. अगदी बाकावरून. लहान पोरीचा, धाप लागल्यासारखा, जणू लांबून पळत येऊन बोलली. मी बाकावर हात ठेवला तर तेवढ्याच जागी लाकूड गार होतं.

कुणी उठून गेलं नाही, याचंच मला नवल. नाजियाबींनी डोळे मिटून दुवा मागितली. ज्ञानोबा त्या रिकाम्या जागेकडे बघून इतक्या मायेनं पुढं सरका म्हणाले की माझ्याच्यानं राहवलं नाही, मी खरंच थोडी सरकून बसले.

घरी आल्यावर हे म्हणजे पाटीवर एकच ओळ लिहून बसलेत, आता जाणार नाही. देविकाला कळवा म्हणून खुणा करून राहिलेत. चार महिन्यांत त्या शाळेत ह्यांचा पाय सुटला, हाताची दोन बोटं हलायला लागली, ते सगळं सोडून जायचं म्हणतात. चाळीस वर्षांत ह्यांनी मला नावानं हाक मारली नाही, अगं म्हणत आले. आता तेवढं अगं ऐकायला मिळालं तरी मी कुठंच जाऊ देणार नाही.

ती पोरगी कोण होती? मी विचारलं की भिंतीकडे तोंड करतात. तुम्हाला लिहितील. तुम्ही विचारा.

रजियाभाभींना नमस्कार. बहिणीवर असतो तसा लोभ ठेवा.

आपली,
गोदावरी


लातूर
२ जानेवारी २००६

प्रिय पाशा यास,
सप्रेम नमस्कार वि. वि.

तुझी चार ओळींची चिठ्ठी आली. गोदावरीनं तुला लिहिलं हेही कळलं. मग ऐक.

माझ्या रजिस्टरात कधी खाडाखोड नसायची. तपासणीला आलेले साहेब ते उलटून इतर मास्तरांना दाखवत. एकोणतीस सप्टेंबरला अनंत चतुर्दशी होती. गावात गणपती उठायचे होते आणि मला दुपारच्या गाडीनं घरी यायचं होतं. दुसऱ्या दिवशी तीस तारीख, महिनाअखेर. हजेरीची बेरीज त्याच दिवशी द्यायची, आणि मी सकाळच्या पहिल्या एसटीनं आलो तरी उशीर होणार. म्हणून मी आदल्या दिवशीच तीस तारखेचं घर भरून टाकलं. तेवीसच्या तेवीस, ह, ह, ह. सगळेच मास्तर कधी ना कधी करतात. खाली बेरीज केली, रेघ मारली, रजिस्टर पिशवीत घातलं.

मी निघणार तोच पार्वतम्माचा मामा आला, सिद्धराम त्याचं नाव. निलंग्याच्या बाजूचा. म्हणाला, गुरुजी, पोरीला चार दिवस घेऊन जातो, तिच्या मामीला तिची लई आठवण येती. ती त्याच्या मागं उभी, हातात कपड्यांचं गाठोडं, तोंडावर हसू. पाशा, शाई वाळली होती. रजा द्यायची तर ह खोडून गैरहजेरीचा गै लिहावा लागला असता, बेरीज खोडावी लागली असती. मी म्हणालो, उद्या महिनाअखेर आहे, उद्या हजर पाहिजे, परवा न्या. कशासाठी ते सांगितलं नाही. ती गाठोडं घेऊन घराकडे वळली, आणि मला चांगलं दिसत होतं की तिनं रडू आवरलं.

पहाटे चंद्रप्पाचं घर बसलं. त्या घरातलं कुणी राहिलं नाही, असं मला नाक्यावर एका माणसानं सांगितलं. मी पुढं गेलोच नाही. बदली मागितली. त्या दिवशीही गुरुवार होता.

एका अक्षराची खाडाखोड वाचवली मी. ती म्हणतेय ते खरंच आहे ना? मी तिला हजर ठेवलं. ती हजर आहे.

आता तुला उघडायचं तर उघड. लोभ राहील की नाही, ते तू ठरव.

अवधूत


नांदेड
१३ जानेवारी २००६

अजीज अवधूत,
सलाम.

लोभाचं मला विचारू नको, त्याचा हिशेब माझ्याकडं न्हाई. तू चूक केलीस. लहान चूक केलीस, वर घर पडलं, म्हणून ती डोंगराएवढी झाली. घर तू पाडलं न्हाईस. एवढंच बोलतो, पुढचं भेटल्यावर.

रजिस्टर उघडलं. शिलाई चांगली हाय, पुठ्ठा गेलाय. तीस तारखेचा रकाना वरपासून खालपर्यंत बघितला. आता जे लिहितो ते मी रजियालाही बोलावून दाखवलं, म्हणजे म्हातारपणाचे डोळे म्हणशील ते नको. सबंध पान शाबूत हाय. फक्त सतराव्या नावापुढं, तीस तारखेच्या घरात, कसरीनं भोक पाडलंय. तेवढाच तो ह खाल्लाय. पन्नास वर्षं कसर बघतो मी. कसर लागली की पान न् पान चाळण होतं. ही एक घर खाऊन गेली आणि मागच्या पानाला शिवली न्हाई.

दुसरी गोष्ट साधी. मंगळवारी दुकानात एक बाई आली, विशी ओलांडलेली, मुदखेडकडच्या कुठल्या अंगणवाडीची जुनी रजिस्टरं बांधायला घेऊन. तुझं पान समोर उघडंच होतं. तिनं विचारलं हे कुठलं, तर मी सांगत बसलो. माझी सवय तुला माहीत हाय, खळ शिजेपर्यंत तोंड बंद राहत न्हाई. तुझी घंटा, तुझा लकवा, गुरुवारची शाळा, सतरावं नाव, सगळं सांगितलं. कुठल्या गल्लीत राहतोस तेही. मान वर करून बघतो तर बाई पांढरीफटक. तशीच उठली आणि गेली. रजिस्टरं इथंच पडलीत, पावतीवर नावही लिहून घ्यायचं राहिलं. माझ्या बोलण्यानं भ्याली असणार. रजिया म्हणती, तुमच्या गोष्टींनी गिऱ्हाईक पळतंय.

गुरुवार सोडू नको. भ्यायचं असेल तर अकराजणांत बसून भी, एकट्यानं नको.

दुवा आहेच, तू फक्त घेत जा.

तुझा,
पाशा


लातूर
गुरुवार, १९ जानेवारी २००६

प्रिय पाशा यास,
सप्रेम नमस्कार वि. वि.

आधी तुझ्याकडचं काम. रजिस्टरातल्या त्या भोकाला ठिगळ लाव. पातळ कागद घे, खळीत मोरचूद घाल म्हणजे पुन्हा कसर लागणार नाही. वाळलं की त्यावर तुझ्या नेमक्या हातानं लिही, गै. खालची बेरीज खोड आणि बावीस कर. खाडाखोड ठसठशीत दिसू दे. का ते पुढं वाच.

तू सांगूनही आज मी गेलो नाही. गोदावरी रागानं हळदीकुंकवाला निघून गेली. जाताना म्हणाली, त्या शाळेतली माणसं तुमची वाट बघत असतील, आणि तुम्ही इथं भिंत राखा. खरंच होतं. मी ओसरीवर काठी घेऊन बसून राहिलो. घरात दुसरं कुणी नाही.

पावणेअकराला माझं तोंड आपोआप सुरू झालं. मी ओठ दाबून धरले तरी, एक, मल्लिनाथ रेवण. नावं येत गेली, रिकाम्या घरात मीच माझी हजेरी ऐकत होतो. सोळा झालं. सतरा, पार्वतम्मा चंद्रप्पा.

हज्जर, असं दाराबाहेरून आलं.

पण आवाज पोरीचा नव्हता. मोठ्या बाईचा होता. दार उघडंच होतं. उंबऱ्याच्या पलीकडे एक बाई उभी, हातात कापडी पिशवी. मी आधी तिचे पाय बघितले, पाशा, तुला खोटं कशाला सांगू. पाय सरळ होते. एसटीची धूळ लागलेले, एका चपलेचा अंगठा पिनेनं जोडलेला.

ती आत येईना. उंबऱ्यापाशीच उभी राहून बोलत होती, खाली मान घालून, उशिरा आलेली पोरं बोलतात तशी. म्हणाली, सर, मी त्या दिवशी शाळेत यायचं कबूल केलं होतं, पण मामा ऐकला नाही. संध्याकाळी मिरवणुकीच्या गडबडीत त्यानं मला सायकलवर घातलं आणि तुमची रजा न घेता नेलं. म्हणाली, मला सांगितलं की शाळा पडली, सर गेले. तुम्ही परत कधी दिसलाच नाहीत. मामीनं वाढवलं, मुदखेडला दिलं. मला वाटायचं, सर मला हजर समजूनच गेले, मी फसवलं.

मग म्हणाली, पाशाचाचांच्या दुकानात जाण्याच्या आधीपासूनची गोष्ट आहे. डिसेंबर लागल्यापासून दर गुरुवारी अंगणवाडीत खिचडी वाटताना तिच्या तोंडून मोठ्यानं हज्जर निघायचं. कुणी पुकारलेलं नसताना. पोरं हसायची, मग पोरंही तिच्यामागं म्हणायला लागली. मदतनीस बाईनं लिंबू उतरवलं. वेळ कुठली ते तिला विचारायला माझ्याकडे शब्द नव्हता. तिनं आपणहून सांगितली.

एवढं बोलून ती थांबली. पिशवी खाली ठेवली, उजवा हात पुढं केला, तळवा वर. छडीसाठी, पाशा. बावीस वर्षांची बाई. आणि हळूच विचारलं, सर, आत येऊ का?

मी सांगितल्याशिवाय ती येणार नव्हती. करजवाडीचा माझाच नियम. अठरावं नाव तोंडाशी आलं होतं, तेवीसपर्यंतची सगळी आली होती, मला ती नको होती. खुणेनं बोलवावं तर डाव्या हातात काठी, उजवा हात खिशात पाहुणा. ऊन तिच्या मागून येत होतं, त्यामुळं तिचं तोंड दिसत नव्हतं. ती जितका वेळ उभी राहिली तितका वेळ ती आहे की नाही, हेही मला पुन्हा कळेनासं झालं. वाटलं, मी आता बोललो नाही तर ती वळेल, गाठोडं घेऊन वळली होती तशी, आणि घराकडे जाईल.

हजेरीत नसलेला, कुठल्या कवितेतला नाही, पाढ्यातला नाही, असा एक शब्द मी घशातून ओढून काढला. लहानसा, जड, माझा स्वतःचा.

ये, म्हणालो.